एक्केचाळिसावी फाइल

माझी बायको निशिगंधा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वारली. तिचा आवाज त्याच्या चौदा महिने आधीच गेला होता. आवाज जायच्या आधी तिने एक्केचाळीस फाइली रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. चाळीस आमच्या मुलीसाठी, दीक्षासाठी, आणि एक माझ्यासाठी. त्या मी पुसल्या. कशा पुसल्या ते लिहितो.

मी निघोज्याजवळच्या पत्र्याचे प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलला आहे. शॉपमध्ये प्रत्येक मशीनपाशी पार्टचं ड्रॉइंग लावलेलं असतं. गिऱ्हाइकाने पार्ट बदलला की ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते. नवी मशीनला लावायची, जुनी काढायची, तिच्यावर लाल शिक्का मारायचा, श्रेडरमध्ये घालायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. हेच माझं काम. जुनं ड्रॉइंग मशीनपाशी राहिलं तर माणूस जुन्या मापाने माल काढतो आणि सगळा माल भंगारात जातो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही जुनं ड्रॉइंग मशीनपाशी राहिलेलं नाही.

एकदा नवनाथ नावाच्या ऑपरेटरने असं एक बाद ड्रॉइंग लॉकरमध्ये लपवलं होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने मशीनवर डाय, म्हणजे साचा, बसवायच्या खुणा पेन्सिलने लिहिल्या होत्या. आठ वर्षांच्या. कुठे किती पॅकिंग, कुठल्या बोल्टला जास्त पीळ, सगळं. तो म्हणाला, "साहेब, पुढची बाजू बाद हाय. मागची माजी हाय. उतरून तरी घिऊ द्या." मी त्याच्यासमोर ते फाडलं आणि श्रेडरमध्ये घातलं. ऑडिट दुसऱ्या दिवशी होतं. नियम तोच होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

घरातही माझं तसंच. नवीन कुकर आला की जुना त्याच दिवशी बाहेर. नवीन फोन घेतला की जुना एक्स्चेंजमध्ये. निशिगंधा म्हणायची, "अहो, मी अजून घरात आहे म्हणजे माझी नवीन रिव्हिजन आली नाही वाटतं." मी हसायचो.

ती घरी बसून एका हॉस्पिटलचं टायपिंग करायची. डॉक्टर पेशंटबद्दल बोलून रेकॉर्डिंग पाठवायचे, ती हेडफोन लावून ते शब्दाला शब्द टाइप करायची. शब्द कळला नाही तर कंसात 'अस्पष्ट' लिहायची. कोणी मध्येच बोललं तर 'स्त्री आवाज', 'पुरुष आवाज' असं लिहायची, डॉक्टर किती सेकंद गप्प होते तेसुद्धा. हॉस्पिटलची अट होती की पेशंटचं काहीही कॉम्प्युटरवर उघडं ठेवायचं नाही. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. त्यात टाकलेली फाइल पासवर्डशिवाय कोणालाही उघडत नाही, कॉम्प्युटर चोरून नेला तरी नाही. आम्ही त्याला पेटी म्हणायचो.

दीक्षाचं लग्न झालं त्या हिवाळ्यात निशिगंधाचा आवाज बसायला लागला. मी म्हणालो, लग्नात ओरडलीस म्हणून. महिन्याने म्हणालो, थंड पाणी पितेस म्हणून. पुढे तिने हाक मारली की मी म्हणायचो, "आला बघ कावळा." शेजारच्यांसमोरही म्हणायचो. ती हसायची, मग हसणं बंद केलं, मग हाक मारणं कमी केलं. पाच महिने असे गेले. सहाव्या महिन्यात ती एकटीच रिक्षाने डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आधी आला असतात तर कदाचित नसतं लागलं.

ऑपरेशनला आठ दिवस होते. मे महिना होता. ती बेडरूमचं दार लावून, पंखा बंद करून माइकसमोर बसायची, कारण पंख्याचा आवाज येतो. दीक्षाला सासरी नाशिकला जाऊन नुकतेच पाच महिने झाले होते. बाळंतपणाचं काही नव्हतं. पण निशिगंधाने पुढचं सगळं बोलून ठेवलं. डिंक किती तळायचा, बाळ रडलं तर आधी काय बघायचं, पहिल्या दहा दिवसांत कोणाचं ऐकायचं नाही, पाळणा. रोज पाच फाइली. आणि शेवटच्या दिवशी एक माझ्यासाठी. सगळ्या पेटीत.

ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं. बोलवायचं असेल तर ती टाळ्या वाजवायची, सांगायचं असेल तर पाटीवर लिहायची. एक दिवस तिने पाटीवर पासवर्ड लिहिला, मला तीनदा वाचायला लावला आणि पुसला. खाली लिहिलं, 'दीक्षा बाळंतपणाला आली की तिची तिला द्या. तुमची तुम्हाला वाटेल तेव्हा ऐका.'

ती गेल्यावर मी पेटी सात-आठ वेळा उघडली. यादी बघायचो. 'दीक्षा ०१' ते 'दीक्षा ४०' आणि शेवटची 'तुमच्यासाठी'. नऊ मिनिटांची होती ती. एकदाही लावली नाही. नऊ मिनिटांत माणूस काय काय बोलू शकतो याचा मी विचार करायचो. कावळ्याचं बोलली असेल. त्या पाच महिन्यांचं बोलली असेल. तसं नसलं तर काय बोलली असेल हे मला सुचायचं नाही, आणि तेही ऐकायची हिंमत नव्हती. दीक्षा आली की तिच्यासोबत ऐकू, असं मी ठरवलं.

फेब्रुवारीच्या चार तारखेला कॉम्प्युटर चालू केला तर पेटीच्या प्रोग्रॅमची सूचना आली. नवीन व्हर्जन आलंय. पेट्यांचा जुना फॉरमॅट बंद होणार. तुमची पेटी नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या.

हे वाचून मला बरं वाटलं. घरातलं कॉम्प्युटरचं काहीच मला कळत नव्हतं, पण हे कळत होतं. नवी रिव्हिजन. मी कंपनीतून सुट्टी टाकली. सूचना पूर्ण वाचली, शब्दाला शब्द, डिक्शनरी घेऊन. जुनी पेटी तशीच शेजारी राहील, नवी वेगळी तयार होईल, नवी पेटी व्हेरिफाय करा आणि मगच जुनी काढा, असं लिहिलं होतं. व्हेरिफाय या शब्दापुढे मी आयुष्यात हजारो सह्या केल्यात.

पावणेदोन तास लागले. मी खुर्चीवरून उठलो नाही. मग नवी पेटी उघडली. पासवर्ड लागला. यादी मोजली, एक्केचाळीस. नावं जुन्या यादीशी एकेक करून जुळवली. जुळली. आमच्याकडे व्हेरिफाय म्हणजे हेच. नंबर बघायचा, रिव्हिजन बघायची, प्रती मोजायच्या. ड्रॉइंगवर आत काय काढलंय ते बघणं माझं काम नव्हतं. ते इंजिनिअर बघतात.

मग जुनी पेटी काढली. साधी डिलीट नाही केली, ती कचरापेटीत राहते हे मला माहीत होतं. प्रोग्रॅममध्येच 'कायमचं नष्ट करा' असं बटन होतं. त्याने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो. एक प्रत पेनड्राइव्हवर होती. तिथेही नवी टाकली, जुनी त्याच बटनाने नष्ट केली. मग वहीत तारीख लिहून सही केली. हात धुतले, जेवलो. निशिगंधा असती तर म्हणाली असती, झालं का ऑडिट. त्या दिवशी मला ती गेल्यानंतर पहिल्यांदा झोप लागली.

एप्रिलमध्ये दीक्षा सातव्या महिन्यात माहेरी आली. ताथवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाळंतपण करणारं कोणी नव्हतं. सासू म्हणाली होती, इथंच राहा. पण ती म्हणाली, आईने तिच्या फाइली तिथं ऐक म्हणून सांगितलंय.

आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ती पाठीला उशी लावून कॉम्प्युटरसमोर बसली. मी पंखा बंद केला. पेटी उघडून दिली आणि मागे उभा राहिलो. तिने 'दीक्षा ०१' दाबली. खिडकी उघडली आणि बंद झाली.

"परत दाब," मी म्हणालो.

तिने दाबली. मग दुसरी. मग विसावी. मग तिने यादीत काहीतरी बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

"बाबा, सगळ्यांचा साइज शून्य आहे."

"यादी बरोबर आहे. मी मोजली होती. एक्केचाळीस."

"नावं आहेत. आत काही नाही."

"असं कसं होईल? मी व्हेरिफाय केली."

"ऐकली होती? एक तरी?"

मी पडद्यावर बोट ठेवून यादी परत मोजायला लागलो.

"बाबा, एक तरी लावून बघितली होती का?"

"नाही."

"जुनी पेटी कुठंय?"

"काढली."

"पेनड्राइव्हवर?"

"तिथंही नवी टाकली."

"आणि तिथली जुनी?"

"काढली."

"काढली म्हणजे काय केलं?"

"कायमची. तसं बटन आहे त्यात."

तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्या प्रोग्रॅमची वेबसाइट उघडली आणि बराच वेळ वाचत बसली. मग मोठ्याने मराठीत सांगितलं, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. "काही जुन्या पेट्यांमधली नावं नवीन पेटीत आली, पण मजकूर आला नाही. प्रोग्रॅमची चूक होती. ती आता दुरुस्त केलीय. ज्यांच्याकडे जुनी पेटी आहे त्यांनी परत एकदा बदलून घ्यावी, काहीही नुकसान होणार नाही. तुम्ही कधी केलं?"

"चार फेब्रुवारी."

"ही सूचना तेरा तारखेची आहे. नऊ दिवस, बाबा. जगातला कुठलाही आळशी माणूस असता तर आईचा आवाज आज इथं असता."

मी म्हणालो, लग्नाच्या व्हिडिओत असेल. तिने तो लावला. निशिगंधा दिसली, मोतिया रंगाच्या साडीत, कोणाला तरी हात करून काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते. वर व्हिडिओवाल्याने सनई आणि सिनेमाची गाणी टाकली होती. तीन तासांच्या व्हिडिओत एक शब्द नाही.

"आईचा फोन?"

"एक्स्चेंजमध्ये दिला."

दीक्षा हसली. तेव्हा मला तिची भीती वाटली.

सोमवारी मी कॉम्प्युटरची डिस्क काढून कंपनीत नेली. आमच्या आयटीचा क्षितिज चांगला माणूस आहे. दोन दिवस डिस्क लावून बसला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येच माझ्यासमोर येऊन बसला.

"सर, साधी डिलीट केली असती तर काढून दिली असती. तुम्ही जे वापरलंत ना, ते त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. कोणालाच मिळू नये म्हणून. तुम्ही फार नीट काम केलंय."

शेजारच्या टेबलावर नवनाथ होता. तो आता लाइनचा लीडर आहे. त्याने ताटातून मान वर केली.

"काय गेलं म्हन्तो साहेबाचं?"

कोणीतरी सांगितलं, वहिनींचं रेकॉर्डिंग गेलं, जुनी कॉपी साहेबांनीच नष्ट केली.

"जुनी व्हती ना?" नवनाथ म्हणाला. "मंग बराबर हाय. लाल शिक्का मारला का न्हाई, साहेब? शिक्का न्हाई मारला तर ऑडिटला घावंल."

दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "राव, जाऊ दे, बायको गेलीय त्याची." नवनाथ म्हणाला, "मी कुटं काय म्हन्लो? नियम सांगितला." आणि त्याने भात कालवला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या ड्रॉइंगच्या मागचं पेन्सिलचं अक्षर मला आठवलं. बारीक होतं, तिरकं, आणि प्रत्येक ओळीला तारीख होती.

घरी आलो तर दीक्षा जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर खाकी पाकीट होतं. चिकटवलेलं, तिने नुकतंच फोडलेलं.

"हे आईने मला दिवाळीला दिलं होतं," ती म्हणाली. "सगळं ऐकून झालं की उघड म्हणून लिहिलं होतं पाटीवर. मी तिचं ऐकलं. आता ऐकायचं काही उरलं नाही, म्हणून उघडलं."

आत टाइप केलेले कागद होते. निशिगंधाने स्वतःचीच रेकॉर्डिंगं स्वतः टाइप केली होती, हॉस्पिटलची करायची तशीच. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, 'दीक्षा, माझा आवाज फार घोगरा झालाय. काही शब्द तुला कळणार नाहीत. ऐकताना हे हातात ठेव.'

मला एकदम हलकं वाटलं. म्हणालो, "म्हणजे सगळं आहे की."

"शब्द आहेत," ती म्हणाली. "बसा. वाचते."

मी बूट न काढता बसलो. ती वाचायला लागली. पहिल्या फाइलमध्ये डिंकाचे लाडू होते. दुसऱ्या फाइलच्या मध्यावर ती थांबली.

"इथं कंसात लिहिलंय, पुरुष आवाज. 'दार कशाला लावलंय? चहा मिळणार आहे का आज?' हा पुरुष कोण, बाबा?"

"मी."

"तुमचं नाव नाही लिहिलं तिने."

"ती तसंच लिहायची. कामाची सवय."

"हो? मग तुमचं तुम्ही वाचा."

"दीक्षा."

"मी आईचं वाचते. तुमचं तुम्ही वाचा." तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं.

मी चष्मा लावला. "दार कशाला लावलंय," मी वाचलं. "चहा मिळणार आहे का आज."

तिने कागद परत घेतला. "सतरा सेकंद शांतता," तिने वाचलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सतरा सेकंद बसून राहिली. मग वाचलं, "हं. तर दीक्षा, डिंक तळताना तूप कडकडीत नको."

असं चाललं. आठ दिवसांत मी अकरा वेळा दार उघडलं होतं. कंपनीची बस उशिरा आली म्हणून, भूक लागली म्हणून, बनियन सापडेना म्हणून. दर वेळी ती कागद फिरवायची, बोट ठेवायची आणि मी वाचायचो. एकदा नुसतं 'आला बघ कावळा' होतं. पुढे कंसात 'हशा, पुरुष आवाज'.

"हसा," दीक्षा म्हणाली.

"पुरे आता."

"तिने लिहिलंय. हसा."

मी हसायचा प्रयत्न केला. ती वाट बघत राहिली, मग पुढे वाचायला लागली.

दीक्षाचा आवाज आईसारखा नाही. बारीक आहे, माझ्या बहिणीच्या वळणाचा. सुरुवातीला दीक्षा वाचेल त्या शब्दांना मी मनात निशिगंधाचा आवाज लावून ऐकत होतो. पंधराव्या फाइलपर्यंत ते जमलं. मग मधूनमधून सुटायला लागलं. पाळण्याची फाइल आली तेव्हा मी डोळे मिटून निशिगंधाचा आवाज आठवायला गेलो आणि दीक्षाचाच ऐकू आला. शेवटचा घोगरा नाही, चांगला होता तेव्हाचा नाही, कुठलाच नाही. मी परत परत प्रयत्न केला. 'अहो' हा एक शब्द आठवून बघितला. तोही दीक्षाच म्हणाली.

"थांब," मी म्हणालो. "दीक्षा, थांब. जातोय तो."

"काय जातंय?"

"तिचा आवाज. तू वाचलंस की जातोय."

तिने बोट त्याच ओळीवर ठेवलं. "शेवटची तुमची आहे," ती म्हणाली. "ऐकायची नाही?"

ती वाचत राहिली. बाहेर मुलं खेळून घरी गेली तरी वाचत होती. मध्ये उठून पाणी प्यायली, पोटावर हात ठेवून दोन येरझाऱ्या घातल्या आणि परत बसली. चाळिसावी संपली. तिने शेवटचा कागद वर घेतला. त्यावर दोनच ओळी होत्या, कागद उचलताना मला दिसल्या.

"एक्केचाळीस," तिने वाचलं. "तुमच्यासाठी. नऊ मिनिटं चार सेकंद."

"पुढे?"

ती पहिल्यांदा अडखळली. मग कागद खाली न ठेवता सरळ वाचलं.

"टाइप केलेली नाही. त्यांना माझा आवाज कळतो."

"पुढे वाच."

"पुढे नाही."

"मागच्या बाजूला बघ."

तिने कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती.

दीक्षाने सगळे कागद गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि पाकिटात घातले. मी हात पुढे केला. म्हणालो, "इथं कपाटात ठेवतो, नीट राहतील."

"तुमच्याकडे नको," ती म्हणाली आणि पाकीट घेऊन आत गेली. तिने दार लावलं. मी बाहेर बसून राहिलो. चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती.